रसायनांशी दोस्ती, पण बेतानं!

मित्रमैत्रिणींनो, लांबच्या प्रवासाला निघालात आणि एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली, की तुम्ही काय करता? झाडं मोजता? समोरून येणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचून त्यांची बेरीज करता? मग पुढच्या वेळी हा एक नवा खेळ खेळून पाहा. रस्त्यावर टँकर शोधायचे. दुधाचे आणि पाण्याचे नकोत बरं का! पेट्रोल, गॅस, आम्ल, अमोनिया असलं काहीतरी नेणारे टँकर. मुंबई-पुणे किंवा मुंबई-गोवा रस्त्यावर ते हमखास दिसतील.

अशा टँकरच्या पाठीवर आणि बाजूंवर एक मोठी चौकट रंगवलेली असते. तिच्यात रसायनाचं नाव असतं, चार आकडी क्रमांक असतो, चौकोन टोकावर उभा करावा तसं एक चित्र असतं आणि अडचणीच्या वेळी फोन कुठं करायचा तो नंबर असतो. ही सजावट नव्हे. टँकर उलटला आणि चालक बेशुद्ध पडला, तर त्याच्या वतीनं ही चौकट बोलते!

तो चार आकडी क्रमांक संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी ठरवून दिलेला असतो. म्हणून तो साऱ्या जगात सारखाच. १२०३ म्हणजे पेट्रोल. १०७५ म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस. १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ म्हणजे अमोनिया आणि १८३० म्हणजे तीव्र गंधकाम्ल. कोल्हापूरचा अग्निशामक जवान असो की जपानमधला, आकडा वाचला की त्याला कळतं, आपली गाठ कुणाशी आहे.

याच चौकटीत बऱ्याचदा आणखी एक छोटा संकेत असतो. पेट्रोलच्या टँकरवर ३ हा आकडा आणि त्यापुढे वाय आणि ई ही दोन इंग्रजी अक्षरं दिसतात. ३ म्हणजे आग विझवायला फेस वापरा. पाण्याचा झोत का नाही? कारण पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. पाणी मारलं, की ते पाण्यावर तरंगत, जळत जळत आणखी लांब पसरायचं. शेवटचं ई हे अक्षर सांगतं, की आसपासच्या माणसांना हलवावं लागेल का, याचा लगेच विचार करा. एक आकडा आणि दोन अक्षरं, पण त्यावरून शेकडो माणसांचे जीव वाचू शकतात.

चालकाकाकांची शाळा

तुम्ही म्हणाल, चौकट रंगवली की झालं का काम? नाही ना! आपल्या देशात १९८९ च्या मोटार वाहन नियमांनुसार धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला नुसता गाडी चालवण्याचा परवाना पुरत नाही. त्याला वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. तीन दिवसांचा वर्ग असतो. मालाचे प्रकार कोणते, चौकटीतल्या खुणांचा अर्थ काय, गळती झाली तर काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, हे तिथं शिकवतात. माल पाठवणाऱ्यानं त्या रसायनाची माहिती लेखी द्यायची आणि चालकानं तो कागद आपल्या केबिनमध्ये हाताशी ठेवायचा, असाही नियम आहे.

म्हणजे मिशा पिकलेले चालकाकाकासुद्धा बाकावर बसून धडे गिरवतात! आणि ते एकटेच नाहीत. रसायनांच्या कारखान्यात, रंगाच्या गोदामात, बर्फाच्या कारखान्यात, गावाला पाणी पुरवणाऱ्या जलशुद्धीकरण केंद्रात आणि मोठ्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला अशी शाळा लागते. चला तर, आज आपणही तिथं जाऊन बसू. पाटी-पेन्सिल नको, फक्त कान उघडे ठेवा.

धडा पहिला : आधी नाव विचारा

पाणी दिसतं तसंच गंधकाम्लही दिसू शकतं. रॉकेलही बिनरंगी असू शकतं. तेव्हा नुसतं पाहून किंवा वास घेऊन रसायन ओळखायचं नाही, हा पहिला नियम. बाटलीवर चिठ्ठी नसेल, तर त्या बाटलीला हात लावायचा नाही.

चिठ्ठीवर लाल काठाची, टोकावर उभी असलेली चौकट असते. आत काळ्या रंगात चित्र. २००३ साली संयुक्त राष्ट्रांनी अशा चिन्हांची एक पद्धत जाहीर केली. एकूण नऊ चिन्हं. कवटी आणि हाडं म्हणजे विष, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. ज्योत म्हणजे चटकन पेट घेणारं. हातावर आणि धातूच्या पट्टीवर थेंब पडताहेत आणि दोन्ही झिजताहेत, असं चित्र असेल तर ते जाळणारं, कुरतडणारं रसायन. वठलेलं झाड आणि मेलेला मासा म्हणजे नदी-नाल्यात सोडायचं नाही असं.

यातलं एक चिन्ह मात्र नीट लक्षात ठेवा. माणसाची आकृती आणि तिच्या छातीवर चांदणीसारखी फुटलेली खूण. असं रसायन बऱ्याचदा आज काहीच करत नाही. ना चटका, ना खोकला. पण रोज थोडं थोडं शरीरात गेलं, की काही वर्षांनी फुप्फुसं बिघडतात किंवा कर्करोगासारखा आजार होतो. आपल्याला साप दिसला तर आपण उडी मारतो. वाळवी मात्र दिसत नाही. हे चिन्ह वाळवीसारख्या शत्रूचं आहे.

चिठ्ठी लहान, तिच्यात सगळं कसं मावणार? म्हणून प्रत्येक रसायनाबरोबर एक माहितीपत्रक येतं. त्याचे सोळा भाग असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. चौथा भाग प्रथमोपचाराचा, पाचवा आगीचा, सहावा सांडलवंडीचा, आठवा अंगावर काय घालायचं त्याचा. क्रम ठरलेला का? अहो, मित्राच्या डोळ्यात आम्ल उडालेलं असताना पानं उलटत बसायला वेळ कुठला! चौथा भाग उघडायचा आणि वाचायचं. अर्थात, खरा शहाणा तो भाग काम सुरू करायच्या आधीच वाचून ठेवतो.

धडा दुसरा : वाटा बुजवा

चोर घरात शिरतो तो दारातून, खिडकीतून नाहीतर कौलं काढून. रसायनंही शरीरात ठरावीक वाटांनीच शिरतात. श्वासातून, त्वचेतून, डोळ्यांतून आणि तोंडातून. तोंडातून कोण घेईल, असं वाटतं ना? पण काम करता करता हात न धुता कुणी भाकरी मोडली, विडी ओढली, नखं कुरतडली, की झालं. म्हणूनच कामाच्या जागी खाणंपिणं बंद असतं.

या वाटा बुजवायला हातमोजे, चष्मे, मुखवटे, बूट असतात. पण कोणताही हातमोजा कुठंही चालत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. याची एक खरीखुरी आणि दुःखाची गोष्ट सांगतो.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात कॅरन वेटरहान नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. विषारी धातूंचा शरीरावर काय परिणाम होतो, याचाच त्या अभ्यास करत. १९९६ च्या ऑगस्टमध्ये डायमिथाइल मर्क्युरी नावाचं पाऱ्याचं एक संयुग हाताळताना त्याचे एक-दोन थेंब त्यांच्या हातमोज्यावर पडले. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता, वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात काम चाललं होतं, हातात रबरी मोजे होते. त्या काळचे नियम त्यांनी पाळले होते. पण हे द्रव्य तसल्या रबरातून काही सेकंदांतच आरपार जातं, हे नंतर झालेल्या चाचण्यांत दिसलं. काही महिने काहीच जाणवलं नाही. मग तोल जाऊ लागला, बोलणं अडखळू लागलं. १९९७ च्या जून महिन्यात त्या गेल्या. वय अवघं ४८. त्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळांनी हातमोज्यांचे नियम बदलले.

म्हणून वर्गात शिकवतात, की हातमोजा ही शेवटची भिंत आहे, पहिली नव्हे. पहिला प्रश्न हा, की एवढं जहाल रसायन वापरलंच पाहिजे का? त्याऐवजी दुसरं सौम्य चालेल का? चालत नसेल तर ते बंद नळीतून नेता येईल का? वाफ बाहेर ओढणारा पंखा बसवता येईल का? हे सगळं करून झालं, की मग मोजे आणि मुखवटा. नुसता मुखवटा हातात देऊन 'जा, काम कर' म्हणणारा मालक अर्धंच काम करतो.

धडा तिसरा : पाण्यात आम्ल, आम्लात पाणी नाही

हा धडा तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत घोकला असेल. पण असं का, हे विचारलंत का कधी? तीव्र गंधकाम्ल पाण्याच्या पावणेदोन पटींहूनही थोडं जास्त जड असतं. ते पाण्यात मिसळलं, की खूप उष्णता निघते. तुम्ही आम्लावर पाणी ओतलंत, तर हलकं पाणी वरच राहतं, तिथंच तापतं, क्षणात उकळतं आणि आम्लाचे थेंब घेऊन तडतडत बाहेर उडतं. गरम तेलात पाण्याचा थेंब पडल्यावर आई कशी झटकन मागं सरते? तसंच, फक्त इथं उडतं ते आम्ल! उलट, भरपूर पाण्यात आम्ल बारीक धारेनं, ढवळत ढवळत सोडलं, तर ते खाली जातं आणि उष्णता साऱ्या पाण्यात वाटली जाते.

आणि उडालंच अंगावर, तर? तर पाणी, पाणी आणि पाणी! नळाखाली निदान पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं म्हणजे किती, हे घड्याळ लावून पाहा. फार मोठा वेळ वाटतो. घाबरलेला माणूस दोन मिनिटांत थांबतो. म्हणून कुणीतरी शेजारी उभं राहून वेळ मोजायचा असतो. भिजलेले कपडे काढून टाकायचे. 'आम्ल आहे तर वर सोडा चोळू' हा शहाणपणा करायचा नाही. त्यातूनही उष्णता निघते आणि जखम वाढते.

चांगल्या कारखान्यात यासाठी खास फवारे असतात. एक डोक्यावर सोडायचा आणि एक डोळे धुवायचा. कामाच्या जागेपासून दहा सेकंदांत तिथं पोचता आलं पाहिजे. डोळ्यात काही गेल्यावर दिसत नाही, म्हणून ती वाट डोळे मिटूनही सापडायला हवी. आणि वाटेत कुणी पिंपं, खोकी रचून ठेवली असतील तर? हसू नका, बऱ्याच ठिकाणी नेमकं असंच असतं.

धडा चौथा : वारा कुठला?

कारखान्याच्या उंच खांबावर कापडाची एक लांबट पिशवी फडफडताना तुम्ही पाहिली असेल. विमानतळावरही ती असते. वारा ज्या बाजूला वाहतो, त्या बाजूला तिचं शेपूट असतं. वायूची गळती झाली, की आधी मान वर करून ही पिशवी पाहायची. वाऱ्याबरोबर पळायचं नाही, कारण वायूही त्याच वाटेनं तुमच्या मागं येतो. आडव्या दिशेनं त्याच्या पट्ट्याबाहेर पडायचं आणि मग वारा येतो त्या बाजूला जायचं. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड असतो, तो जमिनीलगत, खड्ड्यात, तळघरात साचतो. अशा वेळी उंचावर जाणं बरं.

धडा पाचवा : धाव घेण्याआधी थांब

हा सगळ्यात अवघड धडा. सांडपाण्याच्या किंवा मैल्याच्या बंद टाकीत एक माणूस उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उडी घेतो, तोही कोसळतो. मग तिसरा. अशा बातम्या आपण किती वेळा वाचल्या आहेत! त्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्यासारखा वास येणारा. पण तो जास्त झाला, की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. माणसाला वाटतं, वास गेला, आता धोका नाही. आणि तोच धोका!

वाचवायला धावणारा माणूस भ्याड नसतो, उलट फार मोठ्या मनाचा असतो. म्हणूनच त्याला आधी शिकवावं लागतं, की बाहेरूनच ओरड, मदत बोलाव, ११२ किंवा अग्निशामक दलाला फोन कर, हवेची नळी आणि दोरी असलेल्या माणसांनाच आत जाऊ दे. तू आत पडलास, तर वाचवायची माणसं दोन झाली.

ती रात्र

हे धडे नीट शिकवले गेले नाहीत, तर काय होतं? आपल्या देशानं ते पाहिलं आहे.

भोपाळमध्ये युनियन कार्बाइडचा कीटकनाशकांचा कारखाना होता. १९८१ च्या डिसेंबरमध्ये तिथं एका कामगाराच्या अंगावर फॉस्जिन नावाचं विषारी द्रव उडालं. तो घाबरला आणि त्यानं तोंडावरचा मुखवटा काढून टाकला. वायू श्वासात गेला आणि त्याचा जीव गेला. मुखवटा होता, पण घाबरल्यावर काय करायचं नाही, हे हाडीमाशी खिळलेलं नव्हतं.

तीन वर्षांनी, १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री, मिथाइल आयसोसायनेट साठवलेल्या टाकीत पाणी शिरलं. हे रसायन थंड ठेवावं लागतं. ते अवघ्या ३९ अंशांना उकळतं आणि पाण्याशी त्याची जोरात क्रिया होते. पण थंड ठेवणारं यंत्र काही महिन्यांपासून बंद होतं. वायू जाळून टाकणारा उंच धुराडा दुरुस्तीसाठी सोडवून ठेवलेला होता. सूचनांची पुस्तकं इंग्रजीत होती आणि अनेक कामगारांचं इंग्रजी जेमतेम होतं. रात्री साडेअकराच्या सुमारास डोळे चुरचुरू लागले, तेव्हा गळती लक्षात आली. पण ती चहानंतर बघू, असं ठरलं. मध्यरात्रीनंतर सुमारे चाळीस टन वायू शहरावर पसरला.

कारखान्यातल्या बहुतेक कामगारांनी वारा पाहिला, ते उलट्या दिशेला पळाले आणि वाचले. पण भिंतीपलीकडच्या वस्तीला हे कुणीच शिकवलं नव्हतं. लोक वायूबरोबरच धावत राहिले. ओला फडका तोंडावर धरला असता, तरी बऱ्याच जणांचा त्रास कमी झाला असता. पण एवढी साधी गोष्टही कुणी सांगितली नव्हती. लोकांना जागं करणारा भोंगासुद्धा थोडा वेळ वाजून बंद झाला होता. सरकारी आकड्यांप्रमाणेच साडेतीन हजारांहून जास्त माणसं गेली. वाचलेल्यांच्या संघटना याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. जे जगले, त्यांतले हजारो जण पुढं आयुष्यभर धापा टाकत राहिले.

त्यानंतर आपले कायदे बदलले. १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. कामाच्या जागी कोणता धोका आहे, याची माहिती मागण्याचा आणि त्यासाठी प्रशिक्षण मिळवण्याचा हक्क कामगाराला कायद्यानं मिळाला. १९८९ साली घातक रसायनांसाठी वेगळे नियम आले. मोठ्या कारखान्यांनी दर सहा महिन्यांनी संकटाची रंगीत तालीम करावी आणि आसपासच्या लोकांनाही धोक्याची माहिती द्यावी, असं त्यांत सांगितलं. पण कागदावरचा नियम काही आपोआप कामाला लागत नाही. डोंबिवलीत २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला रासायनिक कारखान्यांत झालेले स्फोट आठवा. माणसं गेली आणि कितीतरी घरांच्या काचा फुटल्या.

आता तुमची पाळी

हे सगळं मोठ्या माणसांचं, आपल्याला काय, असं म्हणू नका. तुमच्या मोरीत आणि स्वयंपाकघरातही छोटा कारखाना दडलेला आहे. संडास धुवायच्या द्रावणात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. कपडे पांढरे करणाऱ्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. 'दोन्ही मिसळले तर जास्त स्वच्छ होईल' असं वाटून कुणी ती एकत्र केली, तर मोरीतच क्लोरीन वायू तयार होतो! तसं झालंच, तर श्वास रोखून लगेच बाहेर पडा, शक्य असेल तर दार-खिडक्या उघड्या टाका आणि थोरांना हाक मारा.

दुसरी गोष्ट. फिनेल, रॉकेल, आम्ल थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. धाकटा भाऊ तहानलेला येतो आणि बाटली तोंडाला लावतो. अशा वेळी मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायची नाही. जाळत खाली गेलेलं रसायन पुन्हा जाळत वर येतं. बाटली बरोबर घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

आणि तुमच्यापैकी कुणाला सुट्टीत कामाला लावायचं घरात चाललं असेल, तर हेही ठाऊक असू द्या, की १८ वर्षांखालच्या मुलामुलींना स्फोटक, ज्वालाग्राही किंवा घातक रसायनांच्या कामावर ठेवायला २०१६ पासून कायद्यानं बंदी आहे. मग तो फटाक्यांचा कारखाना का असेना!

दर वर्षी ४ मार्चला आपल्याकडे राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळतात. १९६६ साली याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. पण तेवढ्यासाठी ४ मार्चची वाट कशाला पाहायची? आज संध्याकाळी बाबा, आई, काका, ताई, जे कुणी कारखान्यात, गोदामात किंवा प्रयोगशाळेत काम करत असतील, त्यांना जेवताना तीन प्रश्न विचारा. तुमच्या कामात कोणती रसायनं आहेत? डोळे धुवायचा फवारा कुठं आहे? भोंगा वाजला तर तुम्ही कुठं जाऊन उभे राहता?

त्यांनी पटापट उत्तरं दिली, तर शाबासकी द्या. अडखळले, तर रागावू नका. 'उद्या साहेबांना विचारून या आणि मला सांगा' असं म्हणा. आणि उद्या संध्याकाळी न विसरता पुन्हा विचारा!